गेनाच्या चेरीची फळी

आमच्या हालोझेच्या टेकड्या इतक्या उभ्या आहेत की भोपळेसुद्धा जीव मुठीत धरून वाढतात. वरच्या वाफ्यात काढलेला बटाटा हातातून निसटला, की तो गडगडत थेट दरीत माझ्या दाराशी येऊन थांबतो. म्हणून मी घर खाली बांधलं. लोक मला आळशी म्हणतात. बटाटे उतरून येतात, चढून जात नाहीत, यात माझा काय दोष? एका वर्षी मात्र विंदिशांचे बटाटे माझं दार चुकले आणि पाद्रीबुवांच्या अंगणात गेले. बुवांनी ते देवाची देणगी समजून उकडून खाल्ले आणि रविवारी प्रवचनात ओझबाल्ट विंदिशच्या दानतीचं कौतुक केलं. ओझबाल्ट पहिल्या बाकावर मान खाली घालून बसला होता. लोकांना वाटलं, काय हा नम्र माणूस.

नम्र वगैरे काही नव्हता. हट्टी होता, पण मनाचा वाईट नव्हता, आणि अशा माणसाच्या हातून जितकं नुकसान होतं तितकं पक्क्या बदमाशाच्या हातून होत नाही.

दरीच्या उजव्या अंगाला त्याचं घर. घरामागे वर चढत गेलेला द्राक्षमळा. एक गाय, एक डुकरीण, कोंबड्या, आणि या सगळ्यांना पुरून उरणारी बायको, गेना. मुलगी पोलोना, आईचं नाक आणि बापाचा हट्ट घेऊन आलेली. डाव्या अंगाला फिलिप झावेत्स. आणि दोघांच्या मधे, खाली, मी. दोन्हीकडचं सगळं मला ऐकू यायचं. जे यायचं नाही ते मी पदरचं घालून पुरं करायचो.

आता खडखड्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. उन्हाळ्यात, याकोबाच्या सणाला, आमच्याकडे प्रत्येक मळ्यात तो चढतो. उंच खांब, त्यावर वाऱ्याचं चक्र, चक्राच्या दांड्याला लाकडी हातोड्या. वारा सुटला की हातोड्या खालच्या फळीवर नाचतात. म्हणायला हे सगळं भोरड्या पाखरांना द्राक्षांवरून हाकलण्यासाठी. पण खडखड्या म्हणजे घराचा गळा असतो. डोळे मिटून दरीतून चाललं तरी कुणाचं घर कुठे आलं ते कळतं. आणि नोव्हेंबरात मार्टिनच्या सणाला, नवी वाईन पिंपात निवली, की तो उतरवायचा. पुरुष शिडीवर चढतो, फळी सोडतो, आणि खाली घरची बाई ती दोन्ही हातांत झेलून घेते, भोपळ्याच्या बियांच्या तेलाने पुसते आणि माळ्यावर ठेवते. खडखड्या उतरला की त्या वर्षाची भांडणंही उतरली, असा रिवाज. मार्टिनच्या सणापर्यंत काय भांडायचं ते भांडा, पण फळी हातात घेतल्यावर बाईने काहीतरी बोलायचं, आणि पुरुषाने ते मुकाट ऐकून घ्यायचं. आमच्या टेकड्यांवरचे निम्मे संसार या एका फळीवर टिकले आहेत.

त्या वर्षी मार्टिनच्या सणाला चर्चबाहेर फिलिप झावेत्सने सुरुवात केली. त्याने नवा खडखड्या केला होता आणि त्याचा आवाज एवढा मोठा होता की त्याच्या कोंबड्या म्हणे तालावर अंडी घालायला लागल्या होत्या.

"ओझबाल्ट," फिलिप सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझा खडखड्या यंदा वाजत होता का रे? की तुझ्या सासूबाई अक्रोड चावत होत्या?"

"सासूबाई जाऊन सात वर्षं झाली," ओझबाल्ट म्हणाला.

"म्हणूनच म्हटलं. एवढ्या लांबून आवाज येतोय म्हणजे तिथूनच येत असणार."

लोक हसले. गेनाही हसली, तोंडावर हात ठेवून. ते हसणं ओझबाल्टने पाहिलं. फिलिपचं बोलणं तो दोन दिवसांत विसरला असता. बायकोचं हसणं त्याच्या घशात अडकलं.

चांगल्या फळीला लाकूड चेरीचंच लागतं, तेही जुन्या झाडाचं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. आणि विंदिशांच्या घराच्या कोपऱ्यावर जुनी चेरी होती. पण ती विंदिशांची नव्हती. ती गेनाची होती.

गेना लग्न होऊन आली तेव्हा तिच्या माहेरी द्यायला काही नव्हतं, चादर नाही, शेळी नाही. तिच्या आईने मागच्या अंगणातलं एक रोप उपटलं, मुळं ओल्या एप्रनमध्ये गुंडाळली आणि मुलीच्या हातात दिलं. दोन टेकड्या ओलांडून नवरी ते उराशी धरून चालत आली. वाटेत लोकांना वाटलं, लग्नाआधीच पोर झालं की काय. पुढे ते झाड घरापेक्षा उंच झालं. जून महिन्यात गेनाच्या बहिणी चेरी खायला येत. एरवी वर्षभर त्या कधी येत नसत, कारण बहिणींना यायला काहीतरी निमित्त लागतं आणि विंदिशांच्या घरात दुसरं निमित्त नव्हतं. चौघीजणी झाडाखाली बसून बिया थुंकत आणि आपापल्या नवऱ्यांची लाज काढत. बिया इतक्या लांब जात की माझ्या छपरावर टपटप पडत. मी छत्री घेऊन अंगणात बसायचो.

थंडीत ओझबाल्ट माझ्याकडे आला. शेकोटीशी बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"युरी, ती चेरी अर्धी वाळलीय."

"अर्धी हिरवी आहे," मी म्हटलं.

"वादळात पडेल कधीतरी. घरावर पडेल."

"गेनाला विचारलंस?"

"विचारलं तर ती नाही म्हणणार."

"मग?"

"मग विचारून काय उपयोग," असं म्हणून त्याने टोपी घातली. त्याच्या डोक्यात हिशेब सरळ होता. ज्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक आहे तो विचारणं म्हणजे वेळ घालवणं.

जानेवारीत, उतरत्या चंद्रात, लाकडाला कीड लागू नये म्हणून जेव्हा झाडं तोडतात त्या दिवसांत, गेना आणि पोलोना कोंबड्या घेऊन प्तुयच्या बाजारात गेल्या. त्या परतल्या तेव्हा चेरी अंगणात आडवी होती. फांद्या तोडून एका बाजूला रचल्या होत्या, आणि ओझबाल्ट खोडावर बसून करवत पुसत होता. त्याने काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं: झाड वाळलं होतं, घर वाचलं, नवं लावू.

गेनाने रिकामी टोपली खाली ठेवली. झाडाकडे पाहिलं नाही. झाड होतं त्या जागेतून पलीकडे पाहिलं.

"आता स्वयंपाकघरातून झावेत्सचं घर दिसेल," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

असं बोलणं बंद होणं आमच्याकडे नवं नाही. पण लोक आठ-दहा दिवसांनी विसरतात, नाहीतर मीठ संपतं आणि बोलावं लागतं. गेनाने गाय मधे घातली. शेका नावाची ठिपकेदार गाय, आधीच जरा चौकस. मी एकदा हातगाडी मागायला गेलो तेव्हा दोघं गोठ्यात होती, गायीच्या दोन बाजूंना.

"शेका," गेना दूध काढता काढता म्हणाली, "तुझ्या मालकाला सांग, डुकरिणीच्या कुंडीत पाणी नाही."

"शेका," ओझबाल्ट पलीकडून म्हणाला, "मालकिणीला सांग, आत्ताच भरलंय."

"शेका, मालकाला सांग, कुंडी फुटकी आहे. एक महिना झाला सांगून."

"सांगून कुणाला झालं? मला तर कुणी सांगितलं नाही."

"शेका, तू सांगितलं नाहीस?" गेनाने गायीला विचारलं.

गायीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि शेपटी ओझबाल्टच्या तोंडावर मारली. पुढे पुढे तिला सवय झाली. गेनाने नुसता सुस्कारा टाकला की शेका चालत मळ्यात जायची आणि ओझबाल्टच्या कानाशी हंबरायची. दूध मात्र कमी झालं. दोन माणसांचं मनात ठेवून चरायचं म्हणजे कुठल्याही गायीचं अंग धरत नाही.

असेच दिवस गेले. खुरपणी आली. उतारावर एकमेकांच्या मागे ओळी धरून दोघं कुदळ मारत, तो वर, ती खाली, आणि मधल्या ओळीत पोलोना. जेवायला कुट्टूची उकड आणि दही असायचं. गेना दोन पानं वाढायची, तिसरं ओझबाल्टपुढे रिकामं ठेवायची आणि पातेलं त्याच्याकडे सरकवायची. वाढायची नाही. तो स्वतः घ्यायचा, थोडंच. सबंध वसंतात त्याचा पट्टा आत आत जात राहिला.

एकदा बोलणं अगदी ओठावर आलं होतं. डुकरीण व्याली, पिल्लं झाली, आणि एक पिल्लू तिच्या पाठीखाली सापडलं. गेना ओरडली, "धर, तिला तिकडून धर." ओझबाल्टने धरलं, दोघांनी मिळून डुकरिणीला कुशीवर वळवलं, पिल्लू ओढून काढलं, गेनाने त्याच्या नाकात फुंकर मारली आणि ते किंचाळलं. दोघं गुडघ्यांवर, चेहरे लाल, हातभर अंतरावर. ओझबाल्टच्या चेहऱ्यावर सकाळ उगवली.

"मला म्हणालीस ना, धर?" त्याने विचारलं.

गेनाने पिल्लू त्याच्या आईशी लावलं, उठली, एप्रन झटकला.

"शेका," ती गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी तुला म्हटलं होतं."

जून आला. बहिणी आल्या नाहीत. कशाला येतील? गेनाने तरी त्यांच्या येण्याच्या रविवारी अंगणात बाक काढला, पुसला, आणि उन्हात एकटी बसली. माझ्या छपरावर एकही बी पडली नाही. मी छत्री उघडून बसलो होतो, सवयीने, आणि थोड्या वेळाने मला माझीच लाज वाटली.

ओझबाल्टनेही तिला बाकावर बसलेलं पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने रोपवाटिकेतून चेरीचं रोप आणलं आणि बादलीत घालून दारात ठेवलं. मोठ्या, गोऱ्या फळांची, परदेशी जातीची चेरी. गेना बादलीला वळसा घालून जायची. एक महिन्याने फिलिपच्या शेळीने दावं तोडलं, दरी ओलांडली आणि ते रोप खाल्लं. त्या शेळीचं दूध म्हणे वर्षभर गुलाबी येत होतं. मी पाहिलं नाही. फिलिपने सांगितलं, आणि फिलिप माझ्यापेक्षा कमी खोटं बोलतो.

याकोबाच्या सणाला ओझबाल्टने खडखड्या चढवला. चेरीची फळी चुलीवरच्या फळकुटांवर सहा महिने वाळली होती, रंग मधासारखा झाला होता. शिडीवरून तो उतरला आणि वारा सुटला.

काय सांगू. मी या दरीत म्हातारा झालो, असा आवाज ऐकला नाही. इतर खडखडे खडखडतात. हा बोलत होता. खोल, गोल, पाण्यात दगड टाकावा तसा. फिलिपचा खडखड्या पलीकडून वाजत होता, तो हळूहळू गप्प झाल्यासारखा वाटला. चक्र फिरत होतं, हातोड्या पडत होत्या, पण त्याला कुणी ऐकतच नव्हतं. संध्याकाळी फिलिप स्वतः वाईनचा चंबू घेऊन चढून आला.

"हे असं नाही चालायचं, ओझबाल्ट," तो धापा टाकत म्हणाला. "माझ्या कोंबड्या तुझ्याकडे यायला निघाल्यात."

"मग, सासूबाईंचं काय म्हणणं आहे?"

"सासूबाईंना सांग, झावेत्सने टोपी काढली." आणि त्याने खरंच काढली.

जे हवं होतं ते सगळं ओझबाल्टला मिळालं. त्याने चंबू तोंडाला लावला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. गेना खिडकीत होती. तिने खिडकी बंद केली, कडी घातली.

त्यानंतर रोज हेच. वारा सुटला की खिडकी बंद. वर आणखी एक झालं: गेनाने तिची गादी उचलली आणि मागच्या छोट्या खोलीत नेली, जिथे भोपळ्याच्या बिया वाळवायचे. ओझबाल्टला वाटलं, खडखड्याच्या आवाजापासून पळतेय. तो चेरी मारल्याचा आवाज आहे तिच्यासाठी, आणि आपण तो टेकडीवर टांगून ठेवलाय, रोज वाजवतोय. हे त्याला एकदा सुचलं आणि मग दुसरं काही सुचेना. माणसाच्या डोक्यात एक चूक असली की तो ती सुधारायला दुसरी आणतो, सोबतीला.

ऑगस्टमध्ये पोलोना ऑस्ट्रियात एका खानावळीत कामाला निघाली. बस माझ्या दाराशी थांबते म्हणून तिघं खाली आली होती. गेनाने मुलीच्या हातात पनीर-खसखशीचा केक बांधून दिला, मुका घेतला आणि बसच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. ओझबाल्ट अलीकडे.

"बाबा," पोलोना हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही सरळ माफी मागून टाका ना."

"कसली माफी? झाड अर्धं वाळलं होतं."

"बघा. हेच ते."

"आणि ती ऐकणार आहे का? गायीशी बोलते ती."

"तुम्ही गायीला तरी सांगा," पोलोना म्हणाली. "आई तिचं ऐकते." मग माझ्याकडे वळून, "युरी काका, यांच्याकडे लक्ष ठेवा. बाबा काहीतरी करतील. बाबांना बोलायचं नसलं की ते काहीतरी करतात."

बस गेली. पोरगी आईचं नाक घेऊन जन्मली होती, आणि त्या नाकाला वास आधीच लागला होता.

सप्टेंबरचा शेवट होता, द्राक्षं भरायला आली होती. मी आणि गेना वरच्या शेतात भोपळे कापून बिया काढत होतो. हात हिरवे, एप्रन हिरवा. वारा दुपारपासून चांगला होता आणि खडखड्या वाजत होता. गेना काम करताना मधेच हात थांबवायची, मान जरा कलती करायची, मग पुन्हा बिया काढायला लागायची. मला वाटलं, मान आखडली असेल.

तिसऱ्या प्रहरी आवाज थांबला. वारा मात्र थांबला नव्हता, भोपळ्याची पानं उलटी होत होती.

"दोरी तुटली असेल," मी म्हटलं.

गेनाने सुरी पुसली, बियांची टोपली उचलली आणि उतरायला लागली. मी मागून हातगाडी घेऊन. तो उतार हातगाडी घेऊन उतरायचा म्हणजे गाडीच आपल्याला घेऊन जाते. मी तिच्याआधी अंगणात पोचलो, कोंबड्यांसकट.

पावाच्या भट्टीतून धूर येत होता. गोड धूर. चेरीचं लाकूड जळताना जसा येतो तसा. ओझबाल्ट भट्टीसमोर बाकावर बसला होता, दाढी केलेली, रविवारचा सदरा घातलेला. बाजूला टेबलावर त्याने स्वतःच्या हाताने मळलेली पिठाची लादी होती, वाकडी. मी त्याला इतका खूश जानेवारीनंतर पाहिला नव्हता.

गेना आली. दारात थांबली. नाक वर केलं. मग टेकडीकडे पाहिलं, जिथे चक्र फिरत होतं आणि हातोड्या हवेत नुसत्या नाचत होत्या, खाली काही नव्हतं त्यांना आपटायला.

"ओझबाल्ट," ती म्हणाली.

ओझबाल्ट उठून उभा राहिला. गायीला नाही, त्याला म्हणाली होती. नाव घेऊन.

"ओझबाल्ट, फळी कुठाय?"

त्याने भट्टीकडे हात केला. "तुझ्यासाठी," तो म्हणाला. "आता नाही वाजणार. तुला खिडकी लावावी लागणार नाही. मागच्या खोलीत जावं लागणार नाही."

गेना हळू म्हणाली, जसं लहान मुलाला दुसऱ्यांदा सांगतात:

"अरे, पुढची खिडकी लावली की झावेत्सचा खडखडाट बाहेर राहतो आणि मागच्या खिडकीतून नीट ऐकू येतं. मागची खिडकी मळ्यावर उघडते. मी रोज ऐकत होते तिला. मधेच खोल बोलायची, वारा पडायच्या आधी. आई हाक मारायची तशी."

ओझबाल्टच्या हातात पीठ होतं, ते बोटांवर वाळत होतं.

"मार्टिनच्या सणाची वाट बघत होते मी," ती म्हणाली. "फळी हातात येईल, मग बोलेन. काय बोलायचं तेसुद्धा ठरवलं होतं."

"काय?" त्याने विचारलं.

"आता कशावर हात ठेवून बोलू?"

मग ती खाली वाकली आणि हात भट्टीत घातला. मी ओरडलो, ओझबाल्टने तिचा खांदा धरला, तोवर तिने फळीचं एक टोक बाहेर ओढलं होतं. वितीएवढं, एका बाजूने काळं, निखारे अजून चमकत होते. तिने ते बादलीत बुडवलं. तीच बादली, जिच्यात रोप होतं. पाणी फसफसलं.

"करवत सापडली तुला," गेना ओल्या लाकडाकडे बघत म्हणाली. "कुऱ्हाड सापडली. काडेपेटी सापडली. एक शब्द तेवढा सापडला नाही, ओझबाल्ट."

तेव्हा त्याने तो शब्द म्हटला. मी ऐकला. तो म्हणाला, तोंडातल्या तोंडात, आणि मग पुन्हा एकदा, मोठ्याने. भट्टी एवढी तापली होती की तो शब्दसुद्धा वाफेसारखा वाटला.

"बरं," गेना म्हणाली. आणि तळहाताला डुकराची चरबी लावायला आत गेली.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायला लागली. गाय मोकळी झाली, पंधरा दिवसांत दूध वाढलं. "कुंडी बदल," "मीठ आण," "टोपी घाल, पाऊस आहे." सगळं बोलायची, नीट, न चिडता. ओझबाल्ट सुरुवातीला प्रत्येक वाक्यामागे दुसरं वाक्य येईल म्हणून थांबायचा. यायचं नाही. एकदा त्याने मला विचारलं, "युरी, ती काय बोलणार होती असेल रे, मार्टिनला?" मी हयातभर कुणाच्या तोंडी काहीही घालत आलोय, बिशपच्याही घातलंय. पण तेव्हा मला काही सुचलं नाही.

भोरड्या आल्या. फिलिपने आपली जुनी मेपलची फळी आणून दिली, स्वतः चढून लावली, एक चेष्टा केली नाही. ती सासूबाईंच्या अक्रोडासारखी वाजायची. भोरड्या तिच्यावर बसून द्राक्षं खायच्या. वाईन एक लहान पिंप झाली, आणि तीही इतकी आंबट की मार्टिनच्या सणाला पाद्रीबुवांनी तिला आशीर्वाद देताना चव घेतली आणि प्रार्थनेचा अर्धा भाग विसरले. मेपलची फळी उतरवताना गेनाने ती झेलली, पुसली, माळ्यावर ठेवली. बोलली काही नाही. फळी झावेत्सची होती.

चेरीचं वितीएवढं लाकूड मात्र तिने टाकलं नाही. त्याला भोक पाडलं, दोरी ओवली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलं. जेवण झालं की लाकडी उलथन्याने त्याच्यावर एक ठोका द्यायची, ओझबाल्टला मळ्यातून बोलवायला. आवाज कसला, अर्धा कोळसाच तो. पण त्या ठोक्याच्या शेवटी, अगदी शेवटी, काहीतरी खोल, गोल असायचं, पाण्यात दगड बुडाल्यावर राहतं तसं. ते ऐकायला जवळ असावं लागायचं.

एकच ठोका. दुसरा ती कधी देत नसे. ऐकलं नाही तर राहिलं. ती जेवून घ्यायची आणि पातेलं झाकून ठेवायची.

म्हणून ओझबाल्ट दुपार व्हायच्या आधी वरच्या ओळी सोडून खाली यायचा. घराला लागून असलेली शेवटची ओळ खुरपायचा, तीच ती, परवाच खुरपलेली. कुदळ हळू मारायचा, माती वाजू नये म्हणून. वर्षं गेली तशा वरच्या ओळी गवताने भरल्या, वेली रानटी झाल्या, आणि फिलिप पलीकडून ओरडायचा, "ओझबाल्ट, मळा वरही असतो रे." खालच्या ओळीतली माती मात्र पिठासारखी झाली होती, हालोझेत कुठे नसेल अशी. मी एकदा तिथे काठी टेकवली तर ती कोपरापर्यंत आत गेली. तो बोटाने गप्प राहायची खूण करत म्हणाला, "थांब, युरी. वेळ झालीय."

आम्ही दोघं उभे राहिलो. आत उलथनं खुंटीवरून काढल्याचा आवाज आला.